बेटावर जायला दाखला लागतो

हनिमूनला कुठलं बेट, यावर आमचं लग्न अडलं. लोक अजून असंच सांगतात आणि हसतात. हसू देत.

साखरपुडा आष्ट्यात झाला. मुलगा वीरधवल, घरचा बारा एकर ऊस, स्वतःचं खताचं दुकान. मी क्रांती, कुपवाडला एमआयडीसीत एका कारखान्यात सुटे भाग तपासते. साखरपुड्याआधी त्यांच्या माणसांनी चौकशी केली. आमच्याकडं चौकशी म्हणजे पोरीची. गल्लीतल्या किराणा दुकानात विचारलं. मिरजेच्या ज्या होस्टेलवर मी दोन वर्षं राहिले तिथल्या बाईंना विचारलं. कारखान्याच्या वॉचमनला चहा पाजून विचारलं, पोरगी कुणाच्या गाडीवर येते. मी माझ्याच गाडीवर येते. पास झाले. माझ्या वडलांनी, आण्णांनी, मुलाची चौकशी केली ती एवढीच, की ऊस कुठल्या कारखान्याला जातो.

मग आठवडाभर फोनवर रोज बेटंच. मी समुद्र बघितलेला एकदाच, शाळेच्या सहलीत गणपतीपुळ्याला, तोही बाईंचा हात धरून. मालदीव म्हटलं तर वीरधवल म्हणाला, पासपोर्टची कटकट नको. बाली म्हटलं तरी तेच. मला वाटलं, गडी विमानाला भितोय. शेवटी तो स्वतःच अंदमान म्हणाला. त्यावर त्याच्या आईनं नाक मुरडलं. लगीन झाल्या झाल्या काळ्या पाण्यावर कोण जातंय व्हय, म्हणाल्या. म्हणून मी लक्षद्वीप काढलं. आपलाच देश, पासपोर्ट नको, निळं पाणी. वीरधवल नुसता "बघू" म्हणाला.

जायला परवाना लागतो आणि परवान्याला पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागतो, हे मी वाचून काढलं. आणि सांगलीत साड्या बघायला सगळे जमलो होतो तिथंच बोलून गेले. आत्या, म्हणजे त्याची आई, एकदम खूश झाल्या.

"काढ की मग. सरकारबी बघून घेतंय म्हणायचं. आमची कायबी आडकाठी न्हाई."

त्यांनी हे शेजारच्या अनोळखी बाईलाही कौतुकानं सांगितलं. चारित्र्य म्हटलं की पोरीचं, हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

"आत्या, दोघांचाबी लागतोय," मी म्हणाले.

"पोराचा कशाला?"

वीरधवल गाडी बघून येतो म्हणून उठून गेला. त्याची धाकटी बहीण पल्लवी, कराडला दिलेली, माझ्या मांडीवरच्या साडीची घडी घालत होती. तिचा हात थांबला. वर बघितलं नाही तिनं. परत घडी घालायला लागली.

घरी येऊन मी दोघांचे अर्ज भरायला बसले. त्याचं आधार कार्ड माझ्याकडं होतंच. अर्जात एक प्रश्न असतो, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का. फोन लावून विचारलं. तो म्हणाला, न्हाई लिही. मग म्हणाला, ऱ्हाऊ दे, अंदमानलाच जाऊ, आईला मी समजावतो.

का, ते काढून घ्यायला मला अर्धा तास लागला. एक केस आहे. किरकोळ. तीन वर्षं झाली. पल्लवी कॉलेजातल्या एका मुलाबरोबर निघून गेली होती. बिरदेव नाव, म्हसवडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वीरधवल आणि त्याचे दोन चुलतभाऊ त्या मुलाच्या सांगलीतल्या खोलीवर गेले आणि पल्लवीला घेऊन आले.

"आणि त्याला?"

"मारलं थोडं."

"थोडं म्हणजे?"

"हात मोडला." मग तो मवाळ झाला. "क्रांती, बहिणीचा विषय हुता गं. तुला भाऊ आसता तर त्यानं काय केलं आसतं?"

मला भाऊ नाही. ते पहिल्यांदा बरं वाटलं.

आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, पोरं तापट असतात, अशा केसी निघून जातात, पत्रिका वाटून झाल्यात. आई म्हणाली, तुला तर काही बोलला नाही ना. मी म्हणाले, त्यांनी माझी तीन ठिकाणी चौकशी केली, मी एका ठिकाणी करून येते.

रविवारी एसटीनं म्हसवडला गेले. सांगलीत हात मोडलेला बिरदेव, एवढं म्हटल्यावर स्टँडवरच्या पानपट्टीवाल्यानं रस्ता दाखवला. गावाबाहेर पत्र्याचं घर, पुढं मेंढरं कोंडायचा वाडगा. त्याची आई धोंडुबाई दारात ज्वारी निवडत होती.

"कोण गं तू?"

"मुलाची चौकशी कराय आले."

तिला वाटलं तिच्या मुलाची. चेहरा असा उजळला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वीरधवलचं नाव सांगितलं. ती सूप घेऊन उठली. वाटलं, आता हाकलणार. तिनं आत हाक मारली आणि मला बस म्हणाली.

बिरदेवनं चहाचा कप डाव्या हातानं पुढं सरकवला. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. मी विचारलं तेवढंच तो बोलला. कोयत्याच्या उलट्या बाजूनं मारलं. सुलटी बाजू वापरली नाही, म्हणून त्यांचा वकील कोर्टात सांगतो की मनात तसं काही नव्हतं. मी निघाले तेव्हा वाडग्यापर्यंत आला.

"लगीन करा, नगा करू, तुमचं तुमी बघा. पर पल्लवीला यात वढू नका. तुमी हितं आलता ह्ये बी तिला कळू देऊ नका."

स्टँडवरूनच मी वीरधवलला फोन करून सांगितलं, मी हे लग्न करत नाही. तो आधी विचारत राहिला, कान कुणी भरले. कुणी नाही, म्हसवडला जाऊन बघितलं, एवढं माझ्या तोंडून निघून गेलं. मग ओरडला नाही, खरंच कोड्यात पडल्यासारखा म्हणाला, "पर तुला तर म्या कायबी केलं न्हाई."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचा हिशेब तेवढाच होता, आणि आमच्या घराचाही.

घरात आण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला. पल्लवी होती.

"वैनी," सवयीनं म्हणाली. मग हळू आवाजात सांगत गेली. आष्ट्यात सगळ्यांचं ठरलंय की हिनंच माझे कान भरले. दादा कराडला येऊन सासरच्यांपुढं बोलून गेला. मोबाईल काढून घेतलाय. तीन वर्षांत तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि आता सगळं तिच्यावरच आलं होतं.

मी माफी मागायला लागले. तिनं मध्येच तोडलं.

"गेलतीस म्हणं तिकडं?"

"व्हय."

"माझं नाव काढलं का त्यानं?"

नाही म्हणता आलं असतं. मला खोटं बोलायला जमलं नाही, आणि तेव्हा ते जमायला पाहिजे होतं का, हे अजून कळत नाही.

"काढलं. तुला यात वढू नका म्हणाला."

पलीकडून, तिच्या मागून, कुणीतरी पुरुषानं तिला हाक मारली. "आले," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

तो नंबर माझ्याकडं आहे. मी अजून लावलेला नाही. कोण उचलेल, माहीत नाही.