पडोबाच्या कानामागची तीट

मी एक जुना नरभक्षक आहे. घाबरू नका, मित्रांनो. माझे सुळे पांढऱ्या नमद्याच्या, लोकरी कापडाचे आहेत आणि त्यातला एक आता लोंबतो.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या एका खेळण्यांच्या दुकानामागे, शिवणयंत्रावर झाला. तिकडे आमच्या, म्हणजे झाडावरून पडणाऱ्या अस्वलांच्या, जातीची मोठी दहशत आहे. आम्ही म्हणे उंच झाडावर दबा धरून बसतो आणि खालून जाणाऱ्या परक्या माणसाच्या मानगुटीवर धपकन पडतो. खरं सांगायचं तर आम्हाला कोणी कधी पाहिलेलं नाही. नवख्या पाहुण्यांना घाबरवण्यासाठी रचलेली ती थाप आहे. पण थापेलाही अंग लागतं, म्हणून मला शिवलं. राखाडी केस, काचेचे डोळे आणि गळ्याला मिठी मारून बसतील असे लांब हात.

कॉलिन नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने मला अमेरिकेतल्या ॲन आर्बरला आणलं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला, जगन्नाथला, भेट दिलं. ते १९८३ साल होतं. कॉलिनने गंभीर चेहऱ्याने माझी कीर्ती सांगितली. जगन्नाथ अभ्यासू माणूस. त्याने ग्रंथालयात जाऊन प्राण्यांचे जाडजूड कोश चाळले. मी कुठेच सापडेना, तेव्हा कॉलिन पोट धरधरून हसला.

फसलेल्या माणसाला दुसऱ्याला फसवल्याशिवाय चैन पडत नाही. घरी येताच जगन्नाथने आपल्या सात वर्षांच्या लेकीला, उत्तराला, तीच कथा मीठमसाला लावून सांगितली. माझं नावही त्यानेच ठेवलं, पडोबा.

चूक इथेच झाली. शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ओकची झाडं होती. शरद ऋतू होता आणि त्यांची टणक फळं टपाटप पडत होती. उत्तरा पदपथ सोडून रस्त्याच्या मधोमध चालू लागली. एका सकाळी एका गाडीला करकचून ब्रेक लावावा लागला.

"अहो, काय भरवलंत हे मुलीच्या डोक्यात?" तिची आई मृणालिनी त्या संध्याकाळी कडाडली. "आज काही झालं असतं म्हणजे?"

जगन्नाथचा चेहरा उतरला. "कॉलिन म्हणतो, यावर उपाय आहे. ते लोक पावाला लावतात ना, तो काळा खारट लगदा? तो कानामागे चोपडायचा. मग पडोबा जवळ येत नाही."

"काळंच लावायचं ना?" मृणालिनीने पर्समधून काजळाची डबी काढली. "त्यासाठी ऑस्ट्रेलिया कशाला हवा?"

दुसऱ्या दिवशी उत्तरा कानामागे तीट लावून निघाली, आणि अगदी पदपथावरून. जाताना माझ्याकडे बघून तिने जीभही दाखवली. मला ते फार आवडलं.

पण शाळेतल्या प्रेमळ बाईंना कानामागे डाग दिसला. मूल मळलंय असं समजून त्यांनी ओल्या कागदाने तो पुसून टाकला. झालं! शाळा सुटली, तरी उत्तरा दाराबाहेर यायला तयार होईना. न्यायला गेलेल्या मृणालिनीने शाळेतून प्रयोगशाळेत फोन केला. जगन्नाथ घरी धावला, मला उचललं, माझे हात गळ्याभोवती अडकवले आणि त्या झाडांखालून चालत निघाला. डॉक्टरेट मिळवलेला माणूस, पाठीवर श्वापद! गाड्या हळू करून लोक बघत होते.

उत्तरा दारातूनच ओरडली, "बाबा! इट्स ऑन यू!"

"हो ना. वाटेत पडला."

"डझ इट हर्ट?"

"छे गं. गुदगुल्या करतोय. उलट तोच थरथरतोय बिचारा. एवढ्या उंचावरून पडायचं, आणि खाली सगळी अनोळखी माणसं."

उत्तराने मला नीट निरखलं. मग ती पायरी उतरली, झाडाखाली आली आणि आईपुढे हात पसरला. "आई, डबी. पडोबा नीड्स तीट."

तिने स्वतःच्या करंगळीने माझ्या कानामागे तीट लावली. मित्रांनो, ज्याला सगळे घाबरतात त्याला कोणी तीट लावत नाही. मला ती लागली.

"आता चला दोघं," मृणालिनी म्हणाली. "अख्खी शाळा बघतेय." पण तीही हसत होती.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मी राक्षस झालो आणि टाळ्या घेतल्या. बर्फात जगन्नाथ मला मफलरसारखा गुंडाळून अंगण साफ करायचा. पुढे उत्तरा मोठी झाली आणि मी तळघरातल्या खोक्यात गेलो. तिथे ओल होती, अंधार होता. तरी वरून जगन्नाथच्या चपलांचा आवाज येई, तेवढा मला पुरे.

एका वसंतात तो आवाज थांबला.

काही आठवड्यांनी मायलेकी तळघरात आल्या. उत्तरा आता नोकरी करणारी बाई झाली होती. बाबांचे कोट, बूट, पुस्तकं त्या शांतपणे वेगळी करत होत्या.

"हा पडोबा धुऊन देऊन टाकू या कुणाला तरी," मृणालिनी म्हणाली.

उत्तराने ओलं फडकं घेतलं. माझं नाक पुसलं, पंजे पुसले. मग कान दुमडला आणि तिचा हात थांबला.

"आई, हे बघ."

मृणालिनीने चष्मा लावला. "अगं बाई! अजून आहे?"

उत्तराने फडकं बाजूला ठेवलं. माझे हात स्वतःच्या गळ्याभोवती अडकवले आणि आईचा हात धरून ती बाहेर पडली. ओकला नवी पालवी फुटली होती. आम्ही तिघं शाळेपर्यंत जाऊन आलो.

आता मी तिच्या घरी खिडकीत बसतो. समोर झाड आहे. मला काही कमी नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. जुनी वस्तू जरूर पुसा, झटका, उन्हात ठेवा. पण फडकं फिरवण्याआधी एकदा तिचा कान दुमडून बघा.