दाराबाहेर काढलेली खुर्ची

मित्रांनो, माझा स्वभाव जळका आहे, हे आधीच कबूल करून टाकते. उगाच पुढे कुणी म्हणायला नको की हिने साळसूदपणाचा आव आणला. मी वेताची खुर्ची आहे, सागवानी पायांची, वय वर्षं बावीस. नाशिकला गंगापूर रोडवर डॉक्टर इंदिराबाईंचा मनाच्या आजारांचा दवाखाना आहे, तिथे मी राहते. आत नाही, दाराबाहेर. आतली मी बाहेर कशी आले आणि बाहेर येऊन काय पाहिलं, ते सांगते.

माझा सांगाडा सातपूरच्या एका सुताराने केला, पण मला विणलं ते केरूने. केरूला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. वेत पाण्यात भिजवून तो बोटांनी भोकं चाचपायचा आणि पट्टी अशी ओढून बसवायचा की एकही सैल सापडणार नाही. विणताना त्याची सारखी कुरकुर चाले. वेत निबर आहे, चहा गार आहे, शेजारचा रेडिओ फार मोठ्याने लावतो. कुरकुरायची सवय मला बहुधा त्याच्याकडूनच लागली.

इंदिराबाईंनी दवाखाना थाटला तेव्हा पहिली खरेदी माझी झाली. त्यांच्या टेबलासमोर मी, आणि माझ्यात आलेला माणूस. काय काय माणसं बसली म्हणून सांगू! परीक्षेच्या धसक्याने जेवण सोडलेल्या मुली बसल्या. रामकुंडावर यजमानांचे विधी करणारे एक गुरुजी बसले, ते दिवसातून चाळीस वेळा हात धुवायचे. माझा डावा हात पाहा, तिथला वेत काळा पडला आहे, कारण मनातलं बोलताना माणसं नकळत तिथे नखाने उकरतात. या खुर्चीत बसलं की बोलावंसं वाटतं, असं कितीतरी जण म्हणून गेले. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून गर्व झाला होता.

मग ती आली. काळं गुळगुळीत अंग, बटण दाबलं की पाय वर आणि डोकं मागे. सगळे तिला रिक्लायनर म्हणतात, मी सवत म्हणते. इंदिराबाईंनी केटामाइन नावाच्या औषधाचे नवे उपचार सुरू केले होते आणि त्यासाठी म्हणे ही बया लागणार होती. तिच्यासोबत रक्तदाबाचं यंत्र आलं, प्राणवायूचा सिलिंडर आला, सलाईनचा स्टँड आला. एवढ्या वऱ्हाडाला जागा पाहिजे, म्हणून मला उचलून दाराबाहेर ठेवायचं ठरलं. माझा नुसता तिळपापड झाला.

आत असतानाची माझी शेवटची माणसं म्हणजे सोमनाथराव आणि त्यांची बायको नवसाबाई. सोमनाथराव ओझरच्या विमान कारखान्यात फिटर, वय बावन्न. चार वर्षांपूर्वी भावाच्या मुलीच्या लग्नात हळद लागली आणि तिथून हा माणूस गप्प झाला तो झालाच. झोप उडाली, जेवणाची चव गेली, कामावर निम्मे दिवस खाडा. तीन वेगवेगळ्या गोळ्या देऊन झाल्या, आराम पडला नाही. नवसाबाई विंचूरच्या बाजूची, बोलायला रांगडी. चार वर्षं तिने गोळी हातावर ठेवली, दाढीचं पाणी तापवून पुढ्यात ठेवलं, आंघोळीला उठवलं. त्या दिवशी सोमनाथराव माझ्यात बसले होते आणि ती शेजारच्या स्टुलावर.

इंदिराबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. हे औषध मुळात भूल द्यायचं आणि फार जुनं आहे. थोड्या मात्रेत दिलं तर गोळ्यांना दाद न देणाऱ्या काही जणांची उदासी हलते, सगळ्यांची नाही. आधी रक्तदाब आणि हृदय तपासायचं. मग तीन आठवड्यांत सहा फेऱ्या. सहा तास आधी काही खायचं नाही, दोन तास आधी पाणीसुद्धा बंद. डोळ्यांवर पट्टी, कानाला संथ संगीत, हातातून थेंब थेंब औषध, साधारण चाळीस मिनिटं. अंग तरंगल्यासारखं वाटेल, वेळेचा हिशेब सुटेल, मळमळेल, कधी भीतीही वाटेल, पण ते ओसरतं. शेजारी भूलतज्ज्ञ डॉक्टर आणि समुपदेशक यशश्री असे दोघं बसून राहतील. दुसऱ्या दिवशी यशश्रीशी बोलायला यायचं, कारण औषधाने वर आलेलं बोलून मार्गी लावावं लागतं. औषधाच्या दिवशी गाडी चालवायची नाही, चालू गोळ्या मनाने सोडायच्या नाहीत. आणि हे औषध दवाखान्याबाहेर कुणी देऊ केलं तर घ्यायचं नाही, त्याची सवय लागते.

नवसाबाईने एकच गोष्ट विचारली. "मी आत बसू का ह्यांच्यापाशी?"

इंदिराबाई म्हणाल्या की आत गर्दी नको, तुम्ही बाहेर थांबा, घरी न्यायला तुमचीच गरज आहे. नवसाबाई म्हणाली, "बरं." असलं बरं मी बावीस वर्षं ऐकलं आहे, त्यात बरं काही नसतं.

झालं, दुसऱ्या दिवशी मी बाहेर आणि ती माझ्यात. आतमध्ये माझी सवत आणि नवसाबाईचा नवरा. दार बंद. दोघींच्याही नशिबी दाराचं लाकूड बघणं आलं.

पहिल्या फेरीनंतर सोमनाथराव सिस्टरच्या खांद्याला धरून आले. चक्कर येत होती, एकदा ओकले. पाण्यावर पडल्यासारखं वाटलं, इतकंच म्हणाले. मला बरं वाटलं. म्हटलं, एवढ्या थाटामाटाचं फळ काय, तर ओकारी! नाशकात राहून मी आंबट द्राक्षांच्या कोल्ह्यासारखी वागत होते, पण त्या वेळी ते कळलं नाही. दुसऱ्या फेरीनंतर त्यांचे डोळे सुजलेले होते. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ते यशश्रीशी बोलायला आत गेले, तेव्हा बंद दारातून त्यांचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. तो दीड तास थांबला नाही.

यशश्री बाहेर आल्यावर नवसाबाईने तिला विचारलं, काय बोलले? यशश्री अठ्ठावीस वर्षांची, मऊ बोलणारी मुलगी. ती म्हणाली की ते त्यांचं त्यांनीच सांगायला हवं, मला सांगता येत नाही. आत औषध चालू असताना नवसाबाईच्या सोबतीला एकच माणूस असे, ती म्हणजे फरशी पुसणारी बायडाबाई. तिच्याजवळ पुढच्या खेपेला नवसाबाईने मन मोकळं केलं.

"सत्तावीस वर्षं मी ह्यांच्या ताटात भाकर वाढली. चार वर्षं झाली, माझ्याशी हूं का चूं नाय. अन् त्या पोरीपाशी दीड तास."

तिसरी फेरी झाली तसे सोमनाथराव आपली दाढी आपण करू लागले. भाकरीबरोबर ठेचा मागितला. नवसाबाईला आनंद झाला नाही असं नाही, पण त्या आनंदात मिठाचा खडा पडला होता. तो माणूस बरा होत होता आणि तिच्या हातून होत नव्हता. मला तिच्या बसण्यावरूनच कळायचं. निवांत माणूस पाठ टेकतो, जळणारा माणूस पुढे सरकून माझ्या काठावर बसतो. काठावरचे माझे दोन वेत त्या पंधरा दिवसांत तुटले. मला तिचा राग आला नाही, उलट जिवाभावाची मैत्रीण मिळाल्यासारखं वाटलं.

चौथ्या फेरीच्या दिवशी एकादशी होती. सोमनाथराव आधी माझ्यात बसले, सिस्टरने रक्तदाब घेतला आणि दर खेपेसारखं विचारलं, रात्रीपासून काही पोटात गेलंय का? सोमनाथराव जमिनीकडे बघत म्हणाले, नाही. सिस्टर त्यांना आत घेऊन गेली. दार बंद झालं. मग नवसाबाई माझ्यात बसली. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि त्याला तुपाचा, शेंगदाण्याच्या कुटाचा वास येत होता.

तिचा चेहरा उतरला होता. बायडाबाईला तिने हळूच सांगितलं की सकाळी आठला ह्यांना ताटलीभर साबुदाण्याची खिचडी चारली. एकादशीचा फराळ म्हणजे काय जेवण नव्हे, असं म्हणून चारली. पण तिला सगळं माहीत होतं. आज सुईला सुट्टी मिळावी, हे आत जाऊ नयेत, म्हणूनच तिने ते केलं होतं. तिचा नवरा कधी खोटं बोलत नाही, विचारलं की सांगेल आणि डॉक्टर परत पाठवतील, असा तिचा हिशेब. तो माणूस मात्र आत जाण्यासाठी पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

मित्रांनो, ते ऐकून मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. म्हटलं, होऊ दे सवतीची फजिती, भरू दे तिचं काळं गुळगुळीत अंग खिचडीने.

बायडाबाईने फडकं बादलीत टाकलं. "अगं बाई, पोट भरलेलं असताना ते औषध गेलं अन् उलटी झाली, तर ती श्वासात जाती. भूलवाले डॉक्टर सिस्टरला सांगत व्हते, मी ऐकलंय. माणूस जातो त्यात."

नवसाबाई अशी उठली की मी मागच्या मागे कोसळले. माझा डावा हात फरशीवर आपटून मोडला. डबा उपडा होऊन साबुदाणा पसरला. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं आणि ओरडून सांगितलं, "ह्यांनी खाल्लंय, देऊ नका, मीच खाऊ घातलंय." आणि मी, जिला दोन घटका आधी गंमत वाटत होती, तिथे आडवी पडून देवाचा धावा करत होते. मला सोमनाथरावांचं काही वाईट नको होतं. मला फक्त ती काळी खुर्ची हरलेली हवी होती. या दोन गोष्टी एकाच तागडीत बसलेल्या आहेत, हे मला पडल्यावर कळलं.

सुई टोचून झाली होती, औषध सुरू व्हायचं होतं. भूलतज्ज्ञांनी तिथेच थांबवलं. इंदिराबाई आवाज न चढवता दोघांनाही बोलल्या, आणि ते आवाज चढवण्यापेक्षा जास्त लागलं असावं. आजची फेरी रद्द, सोमवारी यायचं, असं सांगून त्या यशश्रीला घेऊन आत गेल्या. बायडाबाईही साबुदाणा भरून निघून गेली.

सिस्टरने सोमनाथरावांना बाहेर आणून सोडलं होतं. बसायला जागा कुठे होती, मी तर मोडून पडलेली. ते फरशीवरच भिंतीला टेकून बसले. नवसाबाई त्यांच्यासमोर फतकल घालून बसली.

"मी मुद्दाम चारलं तुम्हाला," ती म्हणाली. "मला हेवा वाटला. त्या पोरीशी बोलता, माझ्याशी नाय."

"तुझ्याशीच बोलायचं व्हतं, नवसे," ते म्हणाले. " कसं बोलायचं ते तिच्यापाशी शिकत व्हतो."

मग त्यांनी कुठल्याही औषधाशिवाय, पट्टीशिवाय, फरशीवर बसून सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती आणि जन्मतःच गेली होती. नवसाबाई बेशुद्ध होती, तिने लेकीचं तोंडही पाहिलं नाही. सोमनाथराव एकटेच तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले आणि मातीत ठेवून आले. भावाची मुलगी त्याच वर्षीची. तिला हळद लागली त्या दिवशी आपली केवढी असती, ते त्यांना दिसलं. बायकोला सांगावं तर ती मोडून पडेल, म्हणून त्यांनी तोंडच मिटून घेतलं.

"बारशाला आत्या कानात नाव सांगती ना," ते म्हणाले. "तिथं आत्या कुठं? ठेवायच्या आधी मीच तिच्या कानात सांगितलं. बिननावाची कशी जाऊ देऊ."

नवसाबाईने पदर तोंडात धरला होता. तो काढून तिने विचारलं, "काय ठेवलं नाव?"

सोमनाथराव पुढे वाकले आणि त्यांनी ते तिच्या कानात सांगितलं.

मला ऐकू आलं नाही. हातभर अंतरावर पडले होते मी. बावीस वर्षं या दवाखान्यातली सगळी दुःखं ऐकली आणि नेमकं हे एक निसटलं. माझ्यात बसून ते बोलले नाहीत, सवतीवर पडूनही बोलले नाहीत. बोलले ते त्या गार फरशीवर, आणि मित्रांनो, मला त्या फरशीचाही हेवा वाटला.

पुढच्या तीनही फेऱ्या रिकाम्या पोटी झाल्या. सोमनाथराव कामावर जातात. अजून गोळ्या चालू आहेत, दिवाळीत दोन आठवडे पुन्हा वाईट गेले, पण आता ते वाईट चाललंय असं घरात सांगतात. इंदिराबाईंनी त्या दिवसापासून एक नियम केला आहे. रुग्णासोबत जो कुणी येतो, त्यालाही यशश्री आधी तासभर भेटते आणि त्याचं ऐकते. माझा हात सुताराकडून जोडून आणला आहे आणि मी अजून बाहेरच आहे. सवत आत आहे. आमचं बोलणं नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, जोडलेला का असेना. घरात कुणाचं मन आजारी पडलं तर लाजू नका, त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि खाण्यापिण्यापासून गोळ्यांपर्यंत जे विचारतील ते खरं सांगा. आणि त्याच्यासाठी दाराबाहेर जो तासन्‌तास बसून राहतो, त्यालाही कधी विचारा, तुझं कसं चाललंय म्हणून. तो जळत असेल तर त्याला वाईट म्हणू नका. जवळ बसा.

ते नाव मला अजून ठाऊक नाही. ते त्या दोघांचं आहे, मला कळायलाच हवं असं काही नाही, असं मी रोज स्वतःला समजावते. अजून पटलेलं नाही.