नऊ नंबर जिथे अडकला

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, ही कोणा म्हातारीची लोकर ठेवायची पिशवी असावी. वाटणारच. माझा निळा रंग उडाला आहे आणि नाडी दोनदा बदलली आहे. पण मी सोडतीची पिशवी आहे. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर चोवीस छोट्या गावांचे चोवीस फुटबॉल संघ होते. चषकाच्या पहिल्या फेरीत कोणी कोणाशी आणि कुठे खेळायचं, हे तेवीस वर्षं माझ्या पोटातून ठरत असे.

माझा जन्म पोर्टनेवी नावाच्या कोळ्यांच्या गावात झाला. चर्चचे पडदे बदलले, तेव्हा उरलेल्या मखमलीतून एल्स्पेथ लॉरिमर नावाच्या तरुण शिवणकाम करणाऱ्या बाईने मला शिवलं. आतून सुती अस्तर लावलं. माझ्यासाठी चोवीस लाकडी गोट्या, एकेका संघाच्या नंबराची एकेक, गावातल्या पिंपवाल्याने घडवल्या. पूर्वी त्याच्या पिंपांतून हेरिंग मासे खारवून परदेशी जात. मासे कमी झाले, पिंपं थांबली आणि त्याच्या हातांना काम उरलं नाही. म्हणून असेल, पण त्याने त्या गोट्या फार मन लावून केल्या होत्या.

दर सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी फुटबॉल मंडळाच्या खोलीत सोडत निघे. ती खोली एका बेकरीच्या माडीवर होती. खालून ताज्या पावांचा वास येई, आणि वर चोवीस गावांची माणसं ओले कोट झटकत बसलेली असत. मंडळाचे चिटणीस रॅमसे ड्यूथी मला उलटी करून सगळ्यांना दाखवत.

"बघून घ्या. रिकामी आहे. हिला ना कोणी सोयरा, ना कोणी वैरी!"

लोक टाळ्या वाजवत. मग एकेक जण पुढे येऊन माझ्यात हात घाली. पहिली गोटी ज्या संघाची, त्याच्या मैदानावर सामना. दुसरी ज्याची, त्याने प्रवास करायचा.

मित्रांनो, मी माणसं चेहऱ्यांवरून नाही, हातांवरून ओळखते. दोरखंडांनी सोललेले हात, खडूने कोरडे पडलेले हात, मेंढ्यांच्या लोकरीने तुकतुकीत झालेले हात. बाहेर थट्टामस्करी करणाऱ्याची बोटंही माझ्या आत आली की पहिल्या गोटीवरच घट्ट मिटत. कारण प्रत्येक छोट्या गावाला एकच हवं असे : किनब्रेचा संघ आपल्या दारी यावा. किनब्रे म्हणजे उत्तरेतला सगळ्यांत बलाढ्य संघ. त्यांच्याकडून हरायला कोणाची ना नव्हती. पण ते आपल्या गावात यावेत, आपल्या गवतावर पळावेत आणि सगळं गाव कुंपणाला टेकून उभं राहावं, एवढीच आस.

वर्षातला तो एक दिवस माझा. बाकीचे दिवस मी एका लोखंडी कपाटात, फाटके झेंडे आणि शिट्ट्या हरवलेल्या दोऱ्यांसोबत दमट काळोखात काढत असे. गोट्यांच्या घर्षणाने माझं अस्तर हळूहळू विरत चाललं होतं. तळाच्या शिवणीपाशी आधी एक टाका गेला. मग दुसरा.

हे एकट्या एल्स्पेथच्याच लक्षात आलं. ती दर वर्षी मंडळासाठी आल्याच्या वड्या घेऊन यायची आणि मला हातात घेऊन बोटांनी चाचपायची.

"ड्यूथीसाहेब, अस्तर उसवायला लागलंय. एक दिवस द्या ना माझ्याकडे. नवीन लावून देते."

"पुढच्या वर्षी बघू हं, लॉरिमरबाई."

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी ते हसून म्हणाले, "अहो बाई, पिशवी आहे ही, शिडाचं कापड नाही! वर्षातून एकदा तर लागते."

एल्स्पेथने मला टेबलावर परत ठेवलं. भांडून मला घेऊन गेली असती तर बरं झालं असतं, असं ती पुढे आयुष्यभर म्हणत राहिली.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगते. मॅग्नस लॉरिमर पोर्टनेवीच्या मैदानाची राखण करायचा. समुद्राचा खारा वारा त्या गवताला जगू देत नसे. मॅग्नस किनाऱ्यावरचं शेवाळ पाठीवर वाहून आणायचा, कुजवायचा, पसरायचा. एकतीस वर्षं त्याने ते गवत लेकरासारखं सांभाळलं, पण किनब्रेचा संघ तिथे कधी आला नव्हता. माझ्या पोटातून पोर्टनेवीचं नाव बहुतेक वेळा दुसरंच निघायचं, आणि ते बिचारे बसमध्ये बसून कुठे कुठे जायचे. १९८१च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की काचबिंदू फार पुढे गेला आहे, नजर फार तर एक वर्ष टिकेल. त्यावर तो एल्स्पेथला म्हणाला होता, "मग या सप्टेंबरात तरी किनब्रे यायला हवं गं."

त्या वर्षी पोर्टनेवीतर्फे शाळेच्या मुख्याध्यापिका, ऊना मोवॅट, सोडतीला आल्या होत्या. सहाव्या सामन्यासाठी कोणीतरी माझ्यात हात घातला आणि चार नंबर काढला. पोर्टनेवी! पुढची गोटी निघाली, सोळा. किनब्रे!

मोवॅटबाई साठीच्या होत्या, पण शाळा सुटलेल्या पोरीसारख्या जिना उतरत धावल्या. खालच्या बेकरीतल्या फोनवरून त्यांचा आवाज माडीपर्यंत आला.

"मॅग्नस, किनब्रे! हो, आपल्याच मैदानावर! अरे, रडतोस काय वेड्यासारखा? गवत काप, गवत!"

वर सगळे हसले. सोडत पुढे चालू राहिली. सात, आठ, नऊ, दहा, अकरा सामने ठरले. बाराव्यासाठी एक गोटी निघाली. दुसरीसाठी हात आला आणि माझ्या तळाशी फिरत राहिला.

"ड्यूथी, आत काही नाही."

"नसेल कसं? चोवीस टाकल्या मी."

ड्यूथींनी मला दाबून पाहिलं. अस्तर आणि मखमल यांच्यामध्ये, उसवलेल्या शिवणीतून आत घसरलेली ती गोटी त्यांच्या बोटांना लागली. नऊ नंबर. ती सुरुवातीपासून तिथे अडकून बसली होती.

"ठीक आहे," ड्यूथी म्हणाले, "उरलेल्या संघाची जोडी नऊशी. झालं."

तेवढ्यात किनब्रेचा माणूस उभा राहिला. "झालं कसं? नऊ नंबर कोणाच्या हाताला लागूच शकत नव्हता. अशाला सोडत म्हणत नाहीत. नियमात लिहिलंय, सगळ्या गोट्या मोकळ्या असल्या पाहिजेत."

मोवॅटबाई दारातच थांबल्या होत्या. "अहो, पण मी गावाला कळवून बसले आहे," त्या म्हणाल्या. "तिकडे बोटींचे भोंगे वाजताहेत!"

"मला वाईट वाटतं, बाई. पण नियम तो नियम."

तो माणूस दुष्ट नव्हता, मित्रांनो. तो खरं तेच बोलत होता. खालून पिठाचा एक रिकामा डबा आणला गेला आणि गोट्या त्यात टाकून पहिल्यापासून सोडत निघाली. मी टेबलाच्या कडेला उलटी पडून ऐकत होते. पोर्टनेवीचं नाव दुसरं निघालं. त्यांना दोन बोटी बदलून दूरच्या एका बेटावर जायचं होतं.

दुसरा फोन करायला मोवॅटबाई जिना उतरल्या, तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज मला ऐकूही आला नाही.

पुढच्या वर्षी मंडळाने काचेचं भांडं आणि प्लास्टिकचे चेंडू घेतले. मला गोट्यांसकट एका खोक्यात घालून एल्स्पेथकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी होती : 'आपल्या कामाची आठवण म्हणून.' ड्यूथींनी ती आपुलकीनेच लिहिली असावी. एल्स्पेथने ती चुलीत टाकली.

तिने मला तळापासून उसवलं आणि नवीन अस्तर लावलं. इतके बारीक टाके तिने लग्नाच्या झग्यालाही घातले नसतील. मॅग्नस शेजारी बसला होता. तोवर त्याला खिडकीचा उजेड तेवढा कळत असे.

"कशाला एवढी मरमर करतेस? आता त्यात कोण हात घालणार आहे?"

"शिवण माझी होती, मॅग्नस."

तो काहीच बोलला नाही. मित्रांनो, त्याच्या मनात राग नव्हता. दोष कोणाचा, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण ही माणसं वाऱ्याशी बोलणारी, एकमेकांशी कमी बोलणारी. 'तुझी चूक नव्हती' एवढे तीन शब्द त्याच्या ओठांवर आले नाहीत. एल्स्पेथने त्या गप्प राहण्याचा अर्थ राग असा लावला, आणि तो तिच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला.

पोर्टनेवीची तरुण मंडळी तेलाच्या विहिरींवर कामाला गेली. दोन वर्षांनी संघाला अकरा माणसं जमेनात आणि त्यांनी चषकातून नाव काढून घेतलं. मॅग्नस मात्र मैदानावर जातच राहिला. पायांनी गवत चाचपत, गुडघ्यांवर बसून तण उपटत. ज्यावर कोणी खेळत नव्हतं असं ते हिरवंगार मैदान लोक दुरूनच पाहून जात.

संघाने नाव काढलं त्याच वर्षी सप्टेंबरात, एका रविवारी दुपारच्या चहानंतर, एल्स्पेथने मला टेबलावर ठेवलं. आत चोवीस गोट्या होत्या.

"मॅग्नस, काढतोस का सोडत?"

तो हसला. "मैदानाच्या राखणदाराला कधी कोणी बोलावलंय सोडतीला?"

"मी बोलावतेय ना. घाल हात."

त्याचा हात प्रथमच माझ्यात आला. त्या पिंपवाल्याने आकडे तापलेल्या सळईने डागले होते. ते बोटाला खोलगट लागायचे. मॅग्नसने एक गोटी धरली आणि त्याचा अंगठा तिच्यावरून सावकाश फिरला. वीस नंबर. त्याने ती काढून बायकोच्या तळव्यावर ठेवली.

एल्स्पेथने गोटी पाहिली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"चार," ती म्हणाली. "पोर्टनेवी."

मॅग्नसचा हात माझ्यावर क्षणभर थबकला. मग तो पुन्हा आत आला. अंगठा फिरला. अकरा.

"सोळा," एल्स्पेथ म्हणाली. "किनब्रे येतंय, मॅग्नस."

"मग गवत कापायला हवं," तो म्हणाला, आणि त्याने चहाचा कप पुढे केला.

असं पाच सप्टेंबर चाललं. दर वर्षी तो भलत्याच गोट्या काढायचा, ती चार आणि सोळा वाचायची, आणि मग दोघं तो सामना बोलून बोलून खेळायची. कधी पोर्टनेवी एका गोलने हरायचं, कधी बरोबरी व्हायची. जिंकायचं मात्र कधीच नाही. तेवढा खोटेपणा मॅग्नसला चालत नसे.

सहाव्या वर्षी तो फार अशक्त झाला होता. त्याचा हात माझ्यात आला तो लवकर बाहेर गेलाच नाही. तो एकेक गोटी उचलायचा, अंगठ्याने वाचायचा आणि खाली सोडायचा. एल्स्पेथला वाटलं, बोटांत जोर उरला नाही. मला मात्र कळलं. तो शोधत होता. अखेर त्याला चार नंबर सापडला. मग बऱ्याच वेळाने सोळा.

एल्स्पेथने तळव्यावरच्या गोट्या पाहिल्या आणि खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा पाहिल्या.

"मॅग्नस! चार! अरे, खरंच चार... आणि सोळा!"

"'खरंच' म्हणजे?" तो म्हणाला. "दर वर्षी तेच निघतात की."

त्या नाताळाआधीच तो गेला. दफनाहून परतल्यावर एल्स्पेथ मला मांडीवर घेऊन बसली. मोवॅटबाई जवळ होत्या.

"ऊना, पाच वर्षं मी त्या आंधळ्या माणसाला फसवलं गं. शेवटच्या वर्षी देवाला दया आली आणि खरं निघालं. पण ती पाच वर्षं? आधी माझ्या शिवणीने त्याचा सामना नेला, आणि वर मी खोटं बोलले."

"सुखात होता गं तो."

"त्याला कळलं असतं तर?"

मित्रांनो, त्या वेळी मला जितकं दुःख झालं तितकं कपाटातल्या दमट काळोखातही कधी झालं नव्हतं. त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. तो तिच्यासाठी ऐकत होता, ती त्याच्यासाठी वाचत होती. तो अंगठा माझ्या आत फिरला होता आणि त्याची साक्षीदार जगात मी एकटीच. पण मला नुसतं तोंड आहे, जीभ नाही.

एल्स्पेथ त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. दर सप्टेंबरात ती मला टेबलावर ठेवायची आणि गोट्या न काढताच परत ठेवून द्यायची. तिच्या मनातला काटा तिच्यासोबतच गेला. आता मी बंदरावरच्या एका खोलीत, जुनी जाळी आणि होकायंत्रं ठेवतात तिथे, काचेमागे असते. माझ्याखाली कागद आहे : 'हिच्यामुळे १९८१ ची सोडत रद्द झाली.' तेवीस वर्षांच्या सरळ सोडतींबद्दल त्यावर एक अक्षरही नाही.

असो. त्या कागदाचा मला राग नाही. तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे, की जी वस्तू वर्षातून एकदाच लागते, तिच्याकडेही अधूनमधून हात फिरवून पाहा. एखादा टाका सुटला असेल तर 'पुढच्या वर्षी' म्हणू नका. आणि घरात कोणी जुनी चूक उराशी धरून मुकाट्याने शिवत बसलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. 'तुझी चूक नव्हती' हे बोलून दाखवा, त्याला ऐकू जाईल असं.