तासभर पुढे गेलेली मीटिंग

चार देशांतल्या माणसांना एकाच वेळी जागं आणि शुद्धीवर पकडायचं, हे माझं काम. एकाची न्याहारी, दुसऱ्याचं जेवण, तिसऱ्याची मुलं शाळेतून यायची वेळ, अशा सगळ्यांच्या मिनतवाऱ्या करून मी मंगळवारची मीटिंग जमवते. ती कोणालाच सोयीची नसते आणि शिव्या मला पडतात. आमच्या नवरोबाला मात्र फार सोयीची. मीटिंग संपली की तो मारतो.

आधी कधीच नाही. चालू असताना तर मुळीच नाही. मंगळवारी मीटिंगनंतर तोंडावर, कारण पुढच्या मंगळवारपर्यंत सूज उतरते. बाकीचे दिवस गळ्याखाली. बरगडी मोडली तेव्हा मी ताठ बसून सगळ्यांशी बोलले. लोकांना वाटलं, काय शिस्तीची बाई आहे!

धाकट्या भावाला मी दोनदा सांगितलं होतं. तो आमच्याच कंपनीत, परदेशातल्या मुख्य ऑफिसात आहे, मीच चिकटवला. म्हणाला, "ताई, भाऊजींचं डोकं तापट आहे गं. राग आला की त्यांना भान राहत नाही. नंतर फोन करून रडले माझ्याजवळ."

रडले म्हणे! नाटकी मेला. जायला मला भावाशिवाय दुसरं घर नाही. त्याने नुसतं 'ये' म्हटलं असतं तर मी नेसत्या कपड्यांनिशी निघाले असते. तो म्हणाला, "जरा सांभाळून घे."

भावाच्या देशात वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात आणि मीटिंग त्यांच्या घड्याळाला बांधलेली. त्यांचं घड्याळ तासभर मागे गेलं की आमच्याकडे मीटिंग तासभर उशिरा. दर वेळी मी आठवडाभर आधी सगळ्यांना कळवते, नवरोबालाही. या वेळी सगळ्यांना कळवलं आणि त्याच्यापुढे तोंड शिवून बसले.

त्या मंगळवारी मी जुन्याच वेळेला खोलीचं दार लावून घेतलं. रिकाम्या पडद्यासमोर तासभर, म्हणजे एरवी मीटिंग चालते तेवढा वेळ, बसले. तो कामावरून आला, चहा केला, टीव्ही लावला. मग खरी मीटिंग सुरू झाली. पडद्यावर एकेक चेहरा उगवला, भावाचाही. मी इअरफोनची वायर केसांखाली सारली. आणि बाहेर टीव्ही बंद झाला.

'अजून चालू आहे' एवढंच ओरडले असते तरी तो मुकाट्याने परत फिरला असता. मी ओठ आवळले.

"इस्त्रीचे कपडे का नाही आणले?" तो दारातूनच म्हणाला.

लॅपटॉपची पाठ दाराकडे होती. मुख्य ऑफिसातल्या मॅडम माझ्या कानात आकडे वाचत होत्या. त्याने टेबलावरून हात घालून माझे केस धरले आणि कपाळ कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा तोंड आपटलं आणि दात तुटून जिभेवर आला. मी त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. अशी चावले की तो किंचाळला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. त्याने मला टेबलावरून फरफटत खाली ओढलं, पोटात लाथ घातली. दुसरी लाथ मोडक्या बरगडीवरच बसली. कानात सगळे ओरडत होते. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

मग माझ्या डोक्यात घालायला माझीच खुर्ची आणायला तो टेबलाच्या पलीकडे गेला आणि ती उचलली. पडदा त्याला तेव्हा दिसला.

सगळे त्याच्याकडे बघत होते. खुर्ची तशीच हवेत राहिली. तो माझ्याकडे वळला आणि मी दिलेला शब्द फिरवल्यासारखा दुखावून म्हणाला, "तुझी मीटिंग तर संपली होती ना?"

मी वायर धरून हिसडली. कानातले आवाज खोलीत फुटले. कोणीतरी आमच्या पोलिसांशी बोलत होतं, पत्ता सांगत होतं. त्याने खुर्ची खाली ठेवली, अगदी अलगद.

"तो काय म्हणाला?" मॅडमनी भावाला विचारलं. तिथे आमची भाषा त्या एकट्याला येत होती.

भाऊ नुसता तोंड उघडत होता, मिटत होता. मला त्याची दया आली नाही.

"सांग त्यांना," मी रक्त थुंकून म्हटलं. "भान राहत नाही ना भाऊजींना? नीट सांग. एक शब्द गाळू नकोस."

त्याने सांगितलं. परक्या भाषेत ते वाक्य जुळवताना मध्येच थांबला, नवऱ्याकडे पाहिलं, मग उरलेलं पुरं केलं. भावाने चेहरा पुसला आणि पडद्याच्या अगदी जवळ आला.

"ताई," तो म्हणाला, "ये."