सोळा माणकं आणि एक परकं

मित्रांनो, मी चावीचं एक जुनं मनगटी घड्याळ आहे. माझ्या पोटात सतरा माणकं आहेत. दचकू नका, चोरही दचकत नाहीत. मोहरीहून बारीक खडे ते. त्यांच्या भोकांत माझ्या चाकांची टोकं फिरतात.

तेर-धाराशिव एसटीचे कंडक्टर आबाराव मला रोज सकाळी चावी द्यायचे. गाडी उशिरा सुटली की प्रवासी मलाच नावं ठेवायचे. आबाराव गेले, आणि घरात त्यांचं चालू राहिलेलं असं मी एकटाच उरलो. मग त्यांच्या पत्नी मुक्ताबाई मला चावी देऊन कानाला लावू लागल्या.

एकदा त्यांच्या हातून मी फरशीवर पडलो. एक माणिक तडकलं. मी लंगडत चालू लागलो. त्यांनी मायेनं आत करडईच्या तेलाचा थेंब सोडला आणि चावी देणं सोडलं नाही. तडकलेल्या खड्याची धार चाकाचं टोक कुरतडत राहिली. एवढी माया अजून थोडे दिवस झाली असती, तर मी कायमचा थांबलो असतो.

शेवटी मुक्ताबाईंनी मला धाराशिवला नेलं. तिथं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या महालिंगप्पांनी माझं झाकण उघडून वास घेतला.

"मावशी, ह्याला फोडणी कुणी दिली?"

"थांबू नये म्हणून घातलं, अप्पा."

"सतरातलं एक माणिक फुटलंय. बदलावं लागंल."

"सतरा माणकं!" मुक्ताबाई बघतच राहिल्या. "आन् मला नाकात घालायला एक खडा दिला न्हाय ह्या माणसानं!" त्या हसल्या, मग पदर डोळ्याला लावला.

अप्पांनी मला धुतलं, टोक घासून गुळगुळीत केलं आणि तसल्याच एका बंद घड्याळातलं माणिक काढून बसवलं.

"दुसऱ्याचं व्हय?"

"त्याचा मालक गेला, मावशी."

"ह्याचाबी."

मी चालू लागलो. मुक्ताबाईंनी फुटका खडा मागून घेतला. कागदावरचा तो लाल ठिपका बघता बघता त्यांनी एक सुस्कारा सोडला. ठिपका उडाला. दोघांनी फरशी चाचपली, सापडला नाही.

नवऱ्याकडून मिळालेला त्यांचा एकुलता एक खडा अजून अप्पांच्या टेबलाखाली कुठंतरी आहे. उरलेले सोळा मला लागतात, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

तेव्हा मित्रांनो, जुन्या घड्याळाला घरचं तेल घालू नका. लंगडायला लागलं की चावी थांबवा. आणि जपायची वस्तू उघडून बसलात, तर सुस्कारा तेवढा तोंड वळवून सोडा.