मागच्या सीटवरचं वजन

नोंग पोन्सोची मोटारसायकल प्रत्येक खड्ड्यात पुढून आपटायला लागली होती. आमच्या नेग्रोस बेटाच्या डोंगरातून खालच्या शहरात माणसं, डुकरं, तांदळाची पोती सगळं त्या एकाच गाडीवरून नेणारा हा माणूस. वयानं थोरला म्हणून मी त्याला नोंग म्हणतो, पण तोंड सोडायला मला कुणाचं वय आड येत नाही. म्हटलं, सुकट खाऊन एवढं अंग सुटतं होय? तो नुसता हसला. वजन वाढलंय म्हणाला, जाड तेल घाल, स्प्रिंगा कडक कर.

माझ्या गॅरेजात गाडी घेऊन पुढच्या चाकाचे फोर्क खोलले. आतलं तेल काळंकुट्ट, अगदी पाणी झालेलं. ते काढून टाकलं, नळ्या धुतल्या, जाड तेल मापानं भरलं आणि स्प्रिंगांवर पाइपाचा एकेक तुकडा जादा बसवला. माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते बघायचं होतं, म्हणून त्याला सीटवर बसवलं आणि टेप घेऊन मी खाली बसलो. गाडी डुलत होती. सावरायला त्याची पोटरी धरली, आणि हात काढला तर माझ्या अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. माझा बाप असाच सुजून गेला.

डोकंच फिरलं माझं. "ही चरबी नाही, पाणी आहे. दवाखाना सोडून माझ्याकडे काय आलास?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. माझ्या दुकानासमोरच त्याच्यासारख्या भाड्यानं गाडी चालवणाऱ्यांचा स्टँड, चारपाच जण गिऱ्हाइकाची वाट बघत उभे होते. आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की दवाखाना करून झालाय. मूत्रपिंडं गेली. आता रक्त शुद्ध करून घ्यायला सारखं खाली शहरात जावं लागतं, येताना चक्कर येते, म्हणून यापुढे गाडी त्याची बायको सेंडा चालवणार. ती कुठे पडू नये, एवढंच त्याला हवं होतं.

"मग पुढे बसून माप कसलं देतोस? सेंडाला बोलाव."

"इथे नको. ही पोरं गेल्यावर बघू."

हा माणूस जन्मात कुणाच्या मागे बसला नव्हता. नवशिक्यांना हाच सांगायचा, मागे पोतं बसतं. मला वाईट वाटलं, पण मी हटलो नाही. सेंडा अंगानं काडी, उद्याच तिची पहिली खेप, आणि माप चुकलं तर उतारावर गाडी तिच्या हातात राहणार नव्हती. तसं तोंडावर सांगितलं. शेवटी त्यानंच तिला निरोप धाडला.

सेंडा ओले हात झग्याला पुसत आली आणि काही न विचारता पुढे बसली. तो मागे चढला. स्टँडवरच्या पोरांनी वळून बघितलं, पण कुणी हसलं नाही. मी मागच्या स्प्रिंगा एकेक घर आवळत गेलो, माप जमलं तेव्हा म्हटलं, समोरच्या उतारावरून एकदा सावकाश जाऊन या.

मी गाडीच्या बाजूनं चालत होतो. पुढून आता आपटत नव्हती. पण वळण आलं की पोन्सोचा सुजलेला उजवा पाय नुसत्या फूटरेस्टवर जोरानं दाबला जायचा. सेंडानं मान न वळवता सांगितलं, "पोन्सो, ब्रेक माझ्याकडे आहे."

पुढच्या वळणावर त्यानं पाय सैल सोडला आणि दोन्ही हातांनी तिची कंबर धरली.