पहाटेचं पहिलं पाणी

टिचकीने लापशी ओकून टाकली आणि आईच्या हातातला चमचा हवेतच थांबला.

ओकारीचं तिला नवल नव्हतं. स्वयंपाकघर नवं करून घेतल्यापासून जवळजवळ रोज सकाळी हेच चाललं होतं. ती हबकली ते वेगळ्याच कारणाने. आजची लापशी तिने स्वतः केली होती.

एरवी लापशी सासरे करत. घरात सगळ्यांच्या आधी त्यांना जाग यायची आणि नात डोळे चोळत उठेपर्यंत पातेल्यातून वाफ निघत असायची. टिचकी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. बोटाच्या टिचकीएवढी होती म्हणे जन्मली तेव्हा.

टिचकीची आई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने कारण शोधलं ते नोकरीतल्या शिस्तीनेच, एका वेळी एकच गोष्ट बदलून. दूध बदललं, धान्य बदललं. डॉक्टरांनी पोट तपासलं आणि दुपारी-संध्याकाळी काही होत नसेल तर सकाळच्या खाण्यातच काय ते बघा, असं सांगितलं. मग तिने घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. खात्री पटेना म्हणून पुन्हा एकदा नेलं. दोन्ही वेळा पाणी निर्मळ. आता उरला होता एकच संशय, आणि तो बोलून दाखवताना तिचीच जीभ अडखळली होती.

“बाबा, पातेलं नीट घासलं जात नसेल कदाचित. उद्यापासून लापशी मी करते.”

सासऱ्यांनी पळी खुंटीला अडकवली. “निवृत्त तर झालोच होतो,” ते म्हणाले, “आता बडतर्फही झालो.” नवरा हसला. ते हसले नाहीत.

आणि काल रात्रीच तिने पातेलं दोनदा घासून कोरडं पुसून ठेवलं होतं, आज उठल्या उठल्या नळाखाली धरून भरलं होतं. तरीही हे.

सासरे दारात उभे होते. पुढे येऊन त्यांनी नातीचं तोंड पुसलं. “तुझ्याही हाताला चव नाही वाटतं,” एवढंच म्हणाले. आवाजात जराही कडवटपणा नव्हता, म्हणून ते तिला जास्तच लागलं.

ते टिचकीला घेऊन बाहेर गेल्यावर तिने उरलेली लापशी जिभेवर ठेवली. जीभ आखडली. तोंडात नाणं धरावं तशी चव. तिने त्याच पातेल्यात, त्याच धान्याची लापशी पुन्हा केली आणि चाखली. गोड, साधी, लापशीसारखी लापशी. धान्य तेच, दूध तेच, हातही तोच. मधल्या वेळात फक्त घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या होत्या.

तिची नजर बेसिनवर गेली. नळाच्या तोंडाखाली, थेंब पडतो तिथे, पांढऱ्या चिनीमातीवर निळसर डाग होता. भांड्याच्या साबणाचा असेल म्हणून तिने तो कितीदा तरी घासला होता. तांबं. भिंतीतले नवे पाइप तांब्याचे होते. पुन्हा आयुष्यभर बदलायला नकोत म्हणून नवऱ्याने मुद्दाम निवडलेले.

पण पाणी तर तिने तपासलं होतं.

कसं तपासलं होतं? ती नळासमोर उभी राहिली आणि हाताला त्याचं काम करू दिलं. हाताने नळाचं तोंड पुसलं, नळ सोडला, धार भरपूर वाहू दिली आणि मग बाटली धरल्यासारखी मूठ पुढे केली. प्रयोगशाळेतला पहिला धडा हाच: आधी पाणी वाहू द्या, मग नमुना घ्या. रस्त्याखालच्या मुख्य पाइपातून काय येतंय ते कळावं, म्हणून. घराच्या भिंतीतल्या पाइपांत रात्रभर साचून तांबं उतरलेलं पाणी तिने दोन्ही वेळा आपल्याच हाताने मोरीत सोडून दिलं होतं आणि नंतरचं चांगलं पाणी तपासून निश्चिंत झाली होती. सासरे थेंबभर पाणी वाया घालवणारे नव्हते. त्यांची पहिली धार पातेल्यात पडायची. रडणाऱ्या पोरीच्या घाईत आज तिचीही तशीच पडली होती.

दुसऱ्या दिवशी टिचकीची लापशी बाटलीबंद पाण्यात व्हायची होती. त्याआधी, घर जागं होण्यापूर्वी, तिने नळाचं पहिलं पाणी एका पांढऱ्या वाडग्यात धरलं, वाहून गेल्यानंतरचं दुसऱ्यात. दोन्ही मंद आचेवर तळाला येईपर्यंत आटवली, निवू दिली आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या, तांबं असेल तर निळा रंग दाखवणाऱ्या अमोनियाचे थेंब टाकले. दुसरा वाडगा तसाच राहिला. पहिल्याचा तळ निळा झाला, शाईचं पेन विसळल्यासारखा.

सासरे मागे येऊन कधी उभे राहिले ते तिला कळलं नाही.

“हे तिच्या पोटात जात होतं?”

“हो. रोज.” तिने वाडगा त्यांच्यापुढे सरकवला. “तुमचा हात चांगलाच होता, बाबा. माझा चुकला.”

नळाखाली बादली लावून त्यांनी धार सोडली. हे पाणी फरशी पुसायला होईल म्हणाले आणि खुंटीवरची पळी काढली.

भरणाऱ्या बादलीकडे बघताना तिला एक बाई आठवली. मागच्याच आठवड्यात तक्रार घेऊन आलेली, कडेवर टिचकीएवढंच पोर. सकाळचं दूध पोटात ठरत नाही म्हणत होती. हिने स्वतः जाऊन तिच्या घरचा नमुना घेतला होता. नवं कोरं स्वयंपाकघर, भिंतीवर चकचकीत तांब्याचे पाइप. तिथेही हाताने तोंड पुसलं होतं, धार सोडली होती. आणि दोनच दिवसांपूर्वी फोन करून सांगितलं होतं की पाणी उत्तम आहे, भांडी नीट घासत जा.

ती फोन शोधू लागली.

“इतक्या सकाळी कुणाला?” सासऱ्यांनी विचारलं.

“आणखी एका टिचकीच्या आईला.”

त्यांनी पळी खाली ठेवली आणि पाण्याचा आवाज नको म्हणून नळ बंद केला. पलीकडे घंटी वाजत राहिली. शेवटी झोपाळू आवाज आला आणि त्यामागे भांड्यांचा.

“ताई,” ती म्हणाली, “गॅसवर दूध ठेवलं असेल तर आधी ते उतरवा. मग मी सांगते.”